जातो म्हण

१

हमजाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक एकाच वाक्यानं सुरुवात करतं. कालपर्यंत चांगला चालू होता, कुणी हातसुद्धा लावला नाही. लातूरच्या गंजगोलाईमागच्या बोळात बसून हमजानं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तो नुसती मान डोलवायचा आणि पेचकस हातात घ्यायचा. कॅबिनेट उघडलं की आत सांडलेला चहा निघायचा, वाळलेली पाल निघायची, एकदा तर अख्खी बांगडी निघाली. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, असं त्याचं मत होतं, आणि तोवर ते खरंही ठरलं होतं.

त्यामुळे शिरूर अनंतपाळचे शेषेराव मास्तर आपला जुना डेस्कटॉप ऑटोतून उतरवून म्हणाले की हा बंद होत नाही, तेव्हा हमजानं ते चालू होत नाही असंच ऐकलं. मास्तरांनी शाळेत शिकवावं तसं सावकाश पुन्हा सांगितलं. चालू होतो. बंद होत नाही.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास कधीच बंद पडला होता. आता ते घरी बसून लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रकं आणि अर्ज टाईप करून देत. त्यांचं आयुष्यभराचं काम जुन्या मराठी फाँटात होतं. नव्या कॉम्प्युटरवर त्या फायली उघडल्या की अक्षरांच्या जागी नुसता किडामुंगीचा कारभार दिसायचा. म्हणून हा म्हातारा डबा जपायचा. रात्रंदिवस असाच चालत राहिला तर जळून जाईल, ही त्यांना धास्ती होती.

हमजानं सगळे नेहमीचे उपाय केले. रॅम काढून तिचे पितळी दात खोडरबरानं घासले, मदरबोर्डवरचा सेल बदलला, बटण अडकतंय का ते पाहिलं, सप्लाय दुसरा लावून पाहिला. मशीन सुरू करताना आतला बारका स्पीकर एकदा टिंग करायचा. एक टिंग म्हणजे सगळं ठीक. हमजाची त्यावर "हौ", म्हणजे हो, असं उत्तर द्यायची सवय होती, आणि बाजूचा घड्याळवाला त्यावरून त्याची टर उडवायचा. दुकानात ते मशीन गुणी बाळासारखं वागलं. बंद म्हटलं की बंद. हमजानं ते परत पाठवलं.

मास्तरांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. घरी जोडल्यापासून चालूच आहे.

२

दुकानात शहाणं आणि घरी वेडं, असं मशीन असलं की दोष घराच्या वायरिंगमध्ये असतो. आणि वायरिंग हे हमजाच्या धाकट्या भावाचं, अबुजरचं, खातं होतं. मास्तरांच्या घरचं अर्थिंग त्यानंच केलेलं. आधी त्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, म्हणून मागच्या उन्हाळ्यात अबुजरनं मास्तरांच्या न्हाणीमागे खड्डा खणला, खाली तांब्याची पट्टी पुरली, मीठ आणि कोळसा भरला आणि तिथून एक हिरवी वायर थेट कॅबिनेटच्या पत्र्याला आणून कसली. काम उत्तम झालं होतं. मुंग्या थांबल्या.

पण त्याच उन्हाळ्यापासून अबुजर चप्पल काढेनासा झाला होता.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. निळी रबरी स्लीपर, पायात असली काय नि नसली काय. मग जन्नतबींनी पाहिलं की आपला मुलगा जेवायला दस्तरखानावर चप्पल घालून बसतो. अंघोळीला चप्पल, झोपताना चप्पल. मशिदीच्या पायरीशी ती काढावी लागते म्हणून त्यानं मशीद सोडली आणि खाटेवर बसून नमाज पढू लागला. जन्नतबी रागावल्या, रडल्या, पिराच्या दर्ग्यावर चादर चढवून आल्या. त्याची बायको सबिहा चार गोष्टी सांगून थकली आणि लहानग्या जिक्राला घेऊन नांदेडला माहेरी निघून गेली. हे पाय जमिनीवर टेकतील त्या दिवशी फोन करा, असं ती हमजाला सांगून गेली होती.

हमजानं त्याची शुगर तपासून आणली. काही नव्हतं. पायाला जखम नव्हती, नख दुखत नव्हतं. कामाला जाणं मात्र बंद झालं होतं. दिवसभर तो खाटेवर पाय वर घेऊन बसलेला असायचा. आपला भाऊ पुन्हा साध्या माणसासारखा अनवाणी घरात फिरावा, एवढी एकच गोष्ट हमजाला हवी होती, आणि ती कुणाकडे मागावी ते त्याला कळत नव्हतं.

शिरूरला जाऊन येऊ या म्हटल्यावर अबुजरनं नकारार्थी मान हलवली. हमजा एकटाच निघाला तेव्हा तो खाटेवरून हळू म्हणाला, "भाई, जाना नको. गये बी तो चप्पल नको उतारो."

३

चप्पल नको उतारो, हे म्हणायला ठीक. पण मास्तरांसारख्या वयस्कर माणसाच्या घरात, तारामतीकाकू दारात उभ्या असताना, चपलेसकट आत शिरायचं कसं? हमजानं उंबऱ्याबाहेर चप्पल काढली.

पुसाच्या थंडीचे दिवस होते. शहाबादी फरशी पायाला बर्फ लागत होती. टेबलापाशी गेल्यावर मात्र ती कोमट झाली. हमजानं एकदा खाली पाहिलं आणि मशीन सतत चालू राहिल्याने तापली असेल म्हणून सोडून दिलं.

खोली लहान, खिडकी एकच. कोपऱ्यात तो डबा घुमत होता. हमजानं तो रीतसर बंद केला. पडदा काळा झाला, डब्यातला पंखा चालू राहिला. त्यानं बोर्डाचं बटण बंद केलं. पंखा चालू राहिला. मग त्यानं मागची पॉवरची केबलच उपटली आणि तिचं टोक हातात धरून उभा राहिला. पंखा थोडा वेळ जोरानं फिरतो, साठलेला करंट असतो, हे त्याला माहीत होतं. तो वाट पाहत राहिला. मास्तर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. पंखा थांबला नाही.

आता त्या डब्याला एकच गोष्ट जोडलेली होती, ती हिरवी वायर. अर्थिंगची वायर म्हणजे करंट जमिनीत सोडायची वाट. त्या वाटेनं वर काही येत नसतं. हमजानं टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लागला. त्यानं मास्तरांना घराचा मेन स्विच पाडायला लावला. फ्रिज गप्प झाला, देव्हाऱ्यातला लाल बल्ब विझला. टेस्टर तसाच जळत होता.

कारण त्याला लगेच सापडलं, आणि सापडल्याचं बरं वाटलं. खेड्यापाड्यात लोक एकच तार ओढतात आणि परतीची म्हणून सळई जमिनीत ठोकून मोटर चालवतात. जवळपास कुणाचा तरी असा उद्योग चालू असणार आणि तो करंट या खड्ड्यात उतरत असणार. मास्तरांना हे पटलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. हिरवी वायर तोडली की मिटलं, हमजा म्हणाला आणि त्यानं पक्कड काढली.

तेवढ्यात काकू आत आल्या. त्यांच्या हातात रिकामा तांब्या होता. अर्थिंगचा खड्डा ओला ठेवा असं अबुजर सांगून गेला होता, म्हणून नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या त्या गावात ही बाई रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतत होती.

"चालू असू दे, बाबा," त्या म्हणाल्या. "चालू हाय तवर ते हितंच ऐकत बसतंय."

मास्तर त्यांच्यावर खेकसले. काय ऐकत बसतंय, म्हणून विचारलं. काकू टेबलासमोरून हलल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरात, म्हाताऱ्या बाईला बाजूला सारून वायर तोडणं हमजाला जमेना. खड्डा कसा भरलाय ते आधी अबुजरला विचारतो, मग बघू, असं म्हणून त्यानं पक्कड पिशवीत टाकली. दारात चप्पल पायात सरकवत, आपण सगळेच म्हणतो तसं, तो म्हणाला, "बरं काकू, येतो."

आत डबा टिंग वाजला. एकदाच.

मशीन सुरू होतानाच तो आवाज येतो. आणि हे मशीन तर सुरूच होतं. हमजा चपलेत एक पाय घालून तसाच थांबला.

"जातो म्हण," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "हितं येतो म्हनू नको."

आजवर कुठल्याही दारात, कुठल्याही बाईनं त्याला असं सांगितलं नव्हतं. माणसानं घरातून निघताना जातो म्हणू नये, ते अभद्र असतं, हे हमजाच्या घरीही तसंच आणि या घरीही. त्याची अम्मी तर जाके आतूं, जाऊन येतो, असं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

"तुझा भाऊ खड्ड्यातनं वर चढला तवा म्हनला," काकूंनी सांगितलं. "चला, येतो. मला वाटलं माझ्याकडं बगून म्हनून राहिलाय. पर मान खाली होती त्याची."

हमजानं जातो म्हणायला तोंड उघडलं. पण अम्मीची रीत आडवी आली. तो नुसताच मान हलवून स्टँडकडे चालू लागला.

४

अबुजरनं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं, जन्नतबी आत भाकरी थापत असताना. त्याचा आवाज अगदी साधा होता. चप्पल कुठे चावते ते सांगावं, तसा.

खणताना खडक लागायला हवा होता. त्या भागात लागतोच. तिथे लागला नाही. काळी माती संपली, मुरूम लागला, मुरूम संपला आणि पुन्हा काळी माती. ती ऊन होती. उन्हाळा होता म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. पट्टी पुरली, मीठ भरलं, शिडीवर पाय ठेवला आणि सवयीनं बोलून गेला. आपण खड्ड्याचा निरोप घेतला याचं त्याला वर आल्यावर हसूही आलं. हात धुवायला न्हाणीत गेला आणि फरशीवर अनवाणी उभा राहिला.

"पाँव रखा के नीचे से पाँव लगता, भाई," अबुजर म्हणाला. "तळवे कू तळवा."

कुठेही. इथे, दुकानात, मशिदीत. तो जिथे उभा राहील तिथे, फरशीच्या खालून, कुणीतरी त्याच्या पायाला पाय लावून उभं असायचं. ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं. उभं असायचं. दिलेल्या शब्दाची वाट पाहत असावं तसं.

हमजा रात्रभर यावर विचार करत पडला. किल्लारीच्या भूकंपानंतर या मुलखात जमीन अधूनमधून गुरगुरते असं लोक सांगतात. भांडी वाजतात, माणसं क्षणभर थांबतात आणि परत कामाला लागतात. जमिनीचं ऐकत बसलं तर जगायचं कसं? हे त्याचं पहिलं म्हणणं. दुसरं असं की अबुजरला त्या दिवशी खड्ड्यात करंट लागला असणार. नसा दुखावल्या आणि बाकीचं मनानं रचलं. करंट तर खरोखर होता, त्यानं स्वतः टेस्टरवर पाहिला होता. म्हणजे वायर तोडायची, मशीन बंद पडलेलं अबुजरला कळवायचं आणि त्याला पाय टेकवायला लावायचा. एकदा टेकला की मग सगळं सुटेल. सबिहाला फोन करता येईल.

हे सगळं इतकं व्यवस्थित जुळत होतं की टिंग कसं वाजलं, हा एवढासा प्रश्न त्यानं बाजूला ठेवून दिला.

५

संक्रांतीचे दिवस. तारामतीकाकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आहेत असं मास्तरांनी फोनवर कळवलं, आणि हमजा लगेच एसटीत बसला. या वेळी तो चपलेसकट आत शिरला. मास्तरांनी पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

आधी खड्डा बघून घ्यावा म्हणून तो न्हाणीमागे गेला. सिमेंटचं झाकण त्यानं सरकवलं. सकाळचं पाणी मुरून वरची माती चिखलट झाली होती. मिठाचा पांढरा थर कडेला उठला होता. आणि मधे पायाचे ठसे होते.

चिखलात पाय पडला की ठसा खाली रुततो. हे वर आलेले होते. टाच वर, चवडा वर, पाची बोटांचे पाच उंचवटे. मातीच्या आतून कुणी तळवे वर टेकवून उभं राहावं, तसे. एक जोड सुकून भेगाळला होता. त्याच्या शेजारचा ताजा होता, ओला चकचकीत, आणि त्यात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब होतं.

हमजाच्या पायाचं ते बोट लांब आहे. लहानपणी अम्मी त्यावरून चिडवायची.

काळी माती पाण्यानं फुगते, तो स्वतःशी म्हणाला. ही गोष्ट खरीच आहे, या मातीनं घरांच्या भिंती उचलल्यात. त्यानं झाकण ढकलून बसवलं. तो तडक खोलीत गेला आणि काही विचार करण्याआधी पक्कड चालवली.

हिरवी वायर तुटली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी कॅबिनेटवर हात ठेवला. बंद पडला, असं ते दोनदा म्हणाले. हमजाला रडू येईल की काय असं वाटलं. त्यानं तिथूनच अबुजरला फोन लावला. काम झालं, वायर तोडली, मशीन मेलं, आता काही नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. दुरुस्ती झाली की चालवून बघायची, ही त्याची आयुष्यभराची रीत. बघितल्याशिवाय काम झालं असं तो कधी म्हणतच नसे.

"चप्पल उतार के चेक कर," तो म्हणाला. "मैं बोलरा ना."

पलीकडे खाट करकरली. अंगणात नळापाशी पेरूच्या झाडाखाली थोडी उघडी जमीन होती. अबुजर तिथवर गेला असावा, कारण नळाचं ठिबकणं ऐकू आलं. मग एक चप्पल निघाली. मग दुसरी.

"ठंडी है, भाई," अबुजर म्हणाला आणि हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "कुच बी नै. बस मट्टी है."

हमजानं डोळे मिटले.

"रुको," अबुजर म्हणाला. हे हमजाला नव्हतं. आवाज फोनपासून लांब गेला होता आणि त्यात अदब होती, दारी आलेल्या थोरल्या माणसाशी बोलावी तशी. "हौ. आतूं."

त्यानंतर फोनमध्ये नळ ठिबकत राहिला. मग दुरून जन्नतबींनी जेवायला हाक मारली, एकदा, दोनदा. फोन कुणी बंद केला नाही.

दारात तारामतीकाकू उभ्या होत्या. कपाळाला ताजं कुंकू, ओंजळीत तिळगूळ. त्यांनी थांबलेला पंखा पाहिला, तुटलेली वायर पाहिली आणि त्या दाराला टेकून खाली बसल्या.

"हितं बसलं होतं, बरं होतं," त्या म्हणाल्या.

६

पेरूखाली निळ्या स्लीपरची जोडी होती, मशिदीबाहेर ठेवतात तशी शेजारी शेजारी. फोन बाजूला पडला होता. फाटकाला आतून कडी होती.

बाकी जे करायचं असतं ते सगळं झालं. पोलिसात तक्रार, रेल्वे स्टेशन, दवाखाने, नातेवाईक, पार उदगीर-देगलूरपर्यंत चौकशी. सबिहा आली, जिक्राला घेऊन राहिली. हमजा एकदा शिरूरला जाऊन ती हिरवी वायर परत जोडून आला. कॅबिनेट उघडलं, रॅम खोडरबरानं घासली, सेल बदलला, सप्लाय बदलला. मशीन आता चालू होत नव्हतं. काकू दाराशी बसून सगळं पाहत होत्या. त्यांनी खड्ड्यात पाणी ओतणं सोडलं होतं. आता कशाला, एवढंच त्या म्हणाल्या. निघताना तो काहीच बोलला नाही. काकूंनीही निरोपाची वाट पाहिली नाही.

जन्नतबींचं मात्र बरं चाललं आहे. अबुजर त्या दुपारी आतूं म्हणाला हे त्यांनी चुलीपासून स्वतः ऐकलं होतं. म्हणजे तो येणार. कुठे गेला ते त्या विचारत नाहीत. रोज सकाळी त्या पेरूखाली जाऊन अनवाणी उभ्या राहतात. त्या तेवढ्या जागी माती ऊन असते असं सांगतात. अबुजर तान्हा असताना त्याचे तळवे आपल्या तळव्यांना लावून त्या खेळवायच्या, तसंच अगदी वाटतं म्हणे.

हमजा हल्ली भावाच्या निळ्या स्लीपर घालतो. घरात, जेवताना, झोपताना. जन्नतबी त्याला रागावत नाहीत, सवय झाली आहे त्यांना.

आज सकाळी तो दुकानाला निघाला. फाटकापर्यंत गेला, कडी काढली. जन्नतबी पेरूखाली उभ्या होत्या, पदर सावरून, खाली पाहत. त्यांनी मान वर केली. न बोलता उंबरा ओलांडू द्यायची त्यांची रीत नाही.

हमजा कडीला हात लावून उभा राहिला. त्याला वाटलं नुसती मान हलवावी. जातो म्हणावं, असंही वाटलं. पण ज्या आईचा एक मुलगा परत आला नाही तिला सकाळच्या पारी ते कसं म्हणायचं?

"बोल ना, बाबा," जन्नतबी मायेनं म्हणाल्या आणि आपल्या अनवाणी पायांकडे पाहून हसल्या. "वो बी सुनरा."